लोकरी गालिचा, दमट हवा आणि घरातल्यांचा श्वास

प्रश्न असा आहे: मुंबईत दुसऱ्या मजल्यावर घर, दिवाणखान्यात पाच बाय आठ फुटांचा लोकरी गालिचा. घरात रांगणारं बाळ आहे, आजींना सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, नाक चोंदतं. पावसाळ्यात गालिच्याला कुबट वास मारतो. घरी माणूस बोलावून शाम्पू करून घ्यावा, की गालिचाच काढून टाकावा?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. दमट दिवसांत शाम्पू अजिबात करू नका. गालिचा ठेवता येईल, पण जून ते सप्टेंबर तो गुंडाळून ठेवलेला बरा. आजींच्या झोपायच्या खोलीत मात्र बाराही महिने नको. उरलेल्या आठ महिन्यांत खरं काम आहे ते कोरडी धूळ काढण्याचं. पाणी वर्षातून एकदा, फार तर दोनदा, आणि तेही कडक उन्हाचे दिवस बघून. गालिचे खराब होतात आणि त्यांच्यापायी माणसं आजारी पडतात, त्यामागे बहुतेक वेळा हाच क्रम उलटा झालेला असतो: धूळ आतच राहिली आणि वरून पाणी पडलं.

गालिच्याच्या लवेत, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांत, काय साठतं ते पाहा. वरच्या थरात केस, धागे, खाण्याचे कण. मधल्या थरात आपल्या त्वचेचे सुटलेले बारीक पापुद्रे. तळाशी, गाठींना टेकून, वाळू आणि सिमेंटचे टोकदार कण. त्या पापुद्र्यांवर धुळीतले माइट्स, म्हणजे कोळ्यांच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव, जगतात. आकार जेमतेम पाव मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. ते चावत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत, हवेतली आर्द्रता अंगात शोषून घेतात. सत्तर ते ऐंशी टक्के सापेक्ष आर्द्रता आणि पंचविशीच्या आसपासचं तापमान त्यांना सर्वांत मानवतं. आर्द्रता सलग काही आठवडे ५० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे त्यांच्यासाठी तो सुगीचा काळ.

ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांमुळे. हे कण १० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे धुळीच्या हिशेबात जड. कोणी धावलं, उडी मारली, केरसुणी फिरवली की ते उडतात आणि साधारण अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कोपऱ्यात एअर प्युरिफायर लावून माइट्सच्या ॲलर्जीवर फारसा उपयोग होत नाही, कारण कण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच खाली बसलेले असतात. दोन, ज्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे त्या बाळाच्या श्वासात ते सर्वांत जास्त जातात. शिवाय हात तोंडात जातो ते वेगळंच.

आजींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिंका सकाळी उठल्यावर येत असतील, तर पहिला संशय गालिच्यावर घेऊ नका, गादी-उशीवर घ्या. माणूस रोज सात-आठ तास तिथे नाक टेकून असतो आणि माइट्सना उब, घाम, त्वचा सगळं तिथेच मिळतं. उशीला आणि गादीला घट्ट विणीचं चेन असलेलं कव्हर घाला, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि मग गालिच्याकडे वळा. दम लागत असेल किंवा घरघर ऐकू येत असेल, तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून त्वचाचाचणी करून घ्या, म्हणजे नेमकं कशाशी वाकडं आहे ते कळेल.

आधी गालिचा ओळखा

याच्या पुढचं सगळं गालिचा कशाचा आणि कसा बनलेला आहे यावर ठरतं, म्हणून तो उलटा करा. मागच्या बाजूला तीच नक्षी आरशासारखी स्पष्ट दिसत असेल आणि बारीक गाठी बोटाला लागत असतील, तर तो हातगाठींचा. भदोही-मिर्झापूर, काश्मीर, जयपूर इथून येणारे चांगले गालिचे असे असतात. ते नीट सांभाळले तर दोन पिढ्या टिकतात आणि पाणीही सोसतात. मागे जाड कापड चिकटवलेलं असेल, तर तो हातटफ्टेड. त्यात लोकरीचे धागे बंदुकीसारख्या यंत्राने कापडात घुसवून मागून लॅटेक्सच्या डिंकाने धरलेले असतात. लॅटेक्सला दमट हवा आणि गरम पाणी सोसत नाही. काही वर्षांनी ते भुरभुरतं आणि गालिचा उचलला की फरशीवर पांढुरकी पूड दिसते. ही पूड म्हणजे लॅटेक्समध्ये मिसळलेली चुन्याच्या दगडाची भुकटी. घरातली धूळ समजून लोक ती वर्षानुवर्षं झाडत राहतात. तसा गालिचा पुन्हा सुधारत नाही. रांगत्या बाळाच्या घरात तो ठेवू नये.

धागा ओळखायला कडेचा एक तंतू उपटून चिमट्यात धरून पेटवा, मोरीत किंवा सिंकवर. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि काळी राख बोटांत चुरते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर वितळतं आणि टणक मणी उरतो. व्हिस्कोस आणि सूत कागदासारखं भराभर जळतं. रेशमासारखी चमक, अंगाला थंडगार स्पर्श आणि जळताना कागदाचा वास असेल तर ते व्हिस्कोस, दुकानात ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकतात ते. त्याला घरी पाणी लावूच नका. ओलं झालं की त्याच्या धाग्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, लव चिकटून बसते आणि सुकल्यावर पिवळे डाग उमटतात. ज्यूटचंही तसंच: ओल लागली की तपकिरी रंग वर येतो आणि तो जात नाही.

कोरडी धूळ: इथेच बाजी मारली जाते

केरसुणीने किंवा कडक ब्रशने गालिचा झाडणं बंद करा. त्याने वरचा कचरा जातो, बारीक धूळ खोलीभर उडते आणि वाळू आणखी तळाशी जाते. तळाची वाळू हीच गालिच्याची खरी शत्रू. पाय पडला की टोकदार कण धाग्याच्या बुडाशी करवतीसारखे घासतात. रहदारीच्या वाटेवर लव विरळ होते त्याचं कारण हे, निव्वळ झीज नव्हे.

व्हॅक्युम क्लीनर घेताना वॅटचा आकडा पाहून फसू नका. तो मोटर किती वीज खाते ते सांगतो, किती ओढते ते नाही. फिल्टर पाहा. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पण त्याभोवतीचं रबर सील ढिलं असेल तर हवा बाजूने निसटते. चालू यंत्राच्या मागच्या झडपेसमोर पांढरं फडकं मिनिटभर धरा. फडकं मळलं तर ते यंत्र धूळ गोळा करत नाही, नुसती वाटत सुटलं आहे.

वेग हळू ठेवा. एका चौरस मीटरला किमान अर्धा मिनिट द्या, म्हणजे पाच बाय आठच्या गालिच्याला एका बाजूने दोन मिनिटं. हे किमान झालं, सोफ्यासमोरच्या पट्ट्याला दुप्पट वेळ लागतो. लवेच्या दिशेने ओढा. ही दिशा कळायला तळहात फिरवून बघा. एकीकडून गुळगुळीत लागेल आणि उलटीकडून खरखरीत. गुळगुळीत ती लवेची दिशा. फिरता ब्रश असेल तर हातगाठींच्या आणि फासेदार विणीच्या गालिच्यावर तो बंद ठेवा, नाहीतर धागे ओढले जातात. गोंड्यांवरून यंत्र फिरवूच नका. ते गोंडे म्हणजे शोभेची झालर नाही, गालिच्याच्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं आहेत. ती तुटली की कडेच्या गाठी सुटायला लागतात.

आठवड्यातून दोनदा रहदारीचा भाग, एकदा पूर्ण गालिचा, आणि महिन्यातून एकदा पालथा घालून. हे शेवटचं काम जवळजवळ कोणी करत नाही आणि सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. गालिचा कोरड्या फरशीवर लव खाली करून पसरा आणि पाठीवरून व्हॅक्युमचं तोंड सावकाश फिरवा. कंपनाने गाठींमधली वाळू खाली गळते. मग गालिचा बाजूला उचलून खाली पडलेली धूळ व्हॅक्युमने गोळा करा. पुन्हा पसरा, पुन्हा फिरवा. खाली काहीच पडेनासं होईपर्यंत हे करायचं. बऱ्याच वर्षांत पालथा न घातलेल्या गालिच्यातून मूठभर वाळू सहज निघते. मग सुलटा करून वरून एकदा. व्हॅक्युम नसेल तर गच्चीच्या मजबूत कठड्यावर पालथा टाकून वेताच्या छडीने किंवा बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटने धोपटा. ठोके पाठीवर बसू देत, लवेवर नकोत. नाकाला एन-९५ मास्क हवाच. टफ्टेड गालिचा कधीच धोपटू नका, डिंक फुटतो.

हे काम चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास बाळ आणि आजी त्या खोलीत नकोत. व्हॅक्युमचा डबा घरात उघडू नका, बाहेर जिन्यात किंवा कचऱ्याच्या डब्यापाशी पिशवीत धरून रिकामा करा.

ओल येते कुठून

आपल्याकडे गालिच्याला ओल लागते त्याचं सर्वांत मोठं कारण पाऊस नाही, रोजची फरशी पुसणं आहे. बाई ओल्या फडक्याने गालिच्याच्या कडेपर्यंत पुसतात, कधी कड दुमडून खालूनही पुसतात आणि ओल्या फरशीवरच ती कड पुन्हा टाकतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे ते पाणी गालिच्याची सुती पाठ पिते. रोज थोडं थोडं. वास कडेच्या वीतभर पट्ट्यात जास्त आणि मध्ये कमी असेल, तर कारण हेच. उपाय साधा आहे: पुसण्याआधी गालिच्याची कड फूटभर दुमडून ठेवायची आणि पंखा लावून फरशी पूर्ण वाळली की अर्ध्या तासाने सोडायची.

तळमजल्यावरच्या किंवा जुन्या चाळीतल्या घरात ओल जमिनीतूनही येते. ते तपासायला दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद करा आणि चोवीस तास ठेवा. खालच्या अंगाला बाष्प जमलं तर त्या जागी गालिचा घालू नका, कोणत्याही ऋतूत.

वासाचे प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत, कारण प्रत्येकाचा इलाज निराळा. लोकर ओली झाली की तिला भिजलेल्या जनावरासारखा वास येतो. तो सुकल्यावर आपोआप जातो, त्याची काळजी नको. आंबूस, जुन्या रबरासारखा वास सुकल्यावरही राहिला तर तो कुजणाऱ्या लॅटेक्सचा, त्याला इलाज नाही. बंद कपाटासारखा कुबट वास आणि पाठीवर राखाडी-काळे ठिपके म्हणजे बुरशी. ओल चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकली की बुरशी धरायला लागते. ठिपके कोरडे असतील तर गालिचा गच्चीवर उन्हात नेऊन मास्क लावून मऊ ब्रशने झाडा, व्हॅक्युम करा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेल्या फडक्याने टिपा. अल्कोहोल आधी कोपऱ्यात लावून रंग उतरतो का ते पाहा, आणि आगीपासून दूर राहा. आता पाठ दोन्ही हातांत धरून हलकेच दुमडा. कागद मोडल्यासारखा करकर आवाज आला तर आतला सुती पाया कुजला आहे. त्या गालिच्यावर आणखी पैसे घालू नका.

बेकिंग सोडा भुरभुरण्याची सूचना सगळीकडे दिसते. वास थोडा कमी होतो हे खरं, पण ती पूड इतकी बारीक असते की निम्मी तळाशी राहते आणि उरलेली व्हॅक्युमचा फिल्टर बंद करते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातलं तर फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते मिठासारखं पाणी. डाग त्या फेसाने निघत नाही.

डाग

सांडलं की पहिल्या पाच मिनिटांत जे कराल तेच बहुतेक वेळा निकाल ठरवतं. घट्ट पदार्थ चमच्याच्या कडेने बाहेरून आत उचला. पातळ असेल तर पांढरं सुती फडकं ठेवून तळहाताने दाबा, उचला, कोरडी बाजू ठेवा, पुन्हा दाबा. घासू नका. घासल्याने डाग पसरतो आणि लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, मग डाग गेला तरी तिथे कायमचा खडबडीत ठिपका दिसत राहतो.

आपल्या घरातला सर्वांत वाईट डाग हळदीचा, आणि त्याचं चुकीचं औषधच सगळे आधी करतात, म्हणजे साबण. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, अल्कलीशी (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाशी) भेटलं की लालभडक-तपकिरी होतं. कपड्याचा साबण, धुण्याची पावडर, सोडा सगळे अल्कलीच. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतं. म्हणून वरणाचा किंवा आमटीचा डाग पडला तर आधी टिपा. फोडणीचं तेल असेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून वीस मिनिटांनी व्हॅक्युम करा. मग पातळ सॅनिटायझर (जेल नको) किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन बाहेरून आत टिपत जा. दर वेळी फडक्याची नवी बाजू वापरा. पिवळेपणाची झाक उरलीच, तर गालिचा दोन-तीन दिवस दुपारच्या उन्हात ठेवा, फक्त डागाचा भाग उघडा आणि बाकीचा झाकलेला. कर्क्युमिन प्रकाशात विरतं. हा उपाय सावकाश चालतो, पण खात्रीचा आहे.

कुंकू आणि रांगोळी सांडली तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. व्हॅक्युमचं नुसतं तोंड वरून धरून ओढून घ्या, ब्रश नको. आजचं कुंकू बरंचसं रंगाचं असतं, ओलं झालं की लोकर ते रंगासारखंच धरते. चहाच्या डागाला एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून टिपा. दुधाचा चहा असेल तर त्याआधी न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कली अशा, लिक्विडचं पाणी. रक्ताला फक्त गार पाणी. मेणबत्तीचं मेण बर्फाने कडक करून खरवडा, मग वर खाकी कागद ठेवून इस्त्री सर्वांत कमी आचेवर दोन-तीन सेकंद टेकवा, कागद बदलत राहा. सिंथेटिक गालिच्यावर इस्त्री नको, धागा वितळतो.

बाळाची शू ताजी असताना किंचित आम्लधर्मी असते, पण वाळत जाताना अमोनिया तयार होऊन अल्कली बनते आणि लोकरीचा रंग खाते. म्हणून लगेच टिपा, पेलाभर गार पाणी ओतून पुन्हा टिपा, मग वरचंच व्हिनेगरचं पाणी, आणि खाली जाड टॉवेल घालून पंखा सोडा. एन्झाइमवाल्या डिटर्जंटची जाहिरात पाहून ते लोकरीवर ओतू नका. त्यातलं प्रोटीएज प्रथिनं पचवतं, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. मांजराच्या मूत्राला एन्झाइम लागतं, तिथे बाटलीवर ‘लोकरीसाठी सुरक्षित’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. ब्लीच लोकरीवर कधीच नको. ते धागा अक्षरशः विरघळवतं.

वर्षातून एकदा धुणं

हे फक्त हातगाठींच्या लोकरी गालिच्यासाठी, आणि सुती सतरंजीसाठी. वेळ ऑक्टोबरच्या उन्हात, पाऊस पूर्ण गेल्यावर, किंवा मार्च ते मे. पाच बाय आठचा लोकरी गालिचा कोरडा अकरा ते पंधरा किलोंचा असतो, भिजला की दुपटीच्या पुढे जातो. दोन माणसं आणि उतार असलेली गच्ची नसेल तर घरी धुण्याच्या फंदात पडू नका.

धुण्याआधी गालिचा गुंडाळून वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मग रंगाची परीक्षा: व्हिनेगरचं पाणी आणि साबणाचं पाणी वेगवेगळ्या पांढऱ्या फडक्यांवर घेऊन लाल, निळ्या आणि काळ्या रंगावर दोन मिनिटं जड डबा ठेवून दाबा. फडक्याला रंग लागला तर थांबा, हे काम कारागिराचं.

कोरडी धूळ दोन्ही बाजूंनी पूर्ण काढल्याशिवाय पाणी लावायचं नाही. आत राहिलेली धूळ भिजली की चिखल होतो आणि तो गाठींत बसतो. दहा लिटर कोमट पाण्यात (३० अंशांपेक्षा गरम नको, लोकर आटते) तीस ते चाळीस मिली लोकरीच्या कपड्यांचं न्यूट्रल लिक्विड घाला. धुण्याची पावडर नको, ती अल्कली असते आणि लोकर त्याने कडक, पिवळट होते. रिठ्याचं पाणी गडद गालिच्याला उत्तम, पण फिक्या रंगावर त्याची तपकिरी छटा राहते. मऊ ब्रशने लवेच्या दिशेने, न दाबता. मग पाइपने स्वच्छ पाणी सोडून रबरी वायपरने लवेच्या दिशेने पाणी उतारावर ओढत राहा. वाहणाऱ्या पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत धुवा आणि त्यानंतर आणखी एकदा. राहिलेला साबण चिकट असतो आणि महिन्याभरात गालिचा पूर्वीपेक्षा जास्त मळकट करतो. शेवटच्या पाण्यात लिटरमागे दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला.

आता वाळवणं, आणि इथे घाई नको. वायपरने आणि टॉवेलने शक्य तेवढं पाणी काढा, वेट-अँड-ड्राय व्हॅक्युम असेल तर फारच बरं. ओला गालिचा दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनाने तो वेडावाकडा ताणला जातो. खाटेवर किंवा दोन बाकांवर पाठ वर करून आडवा पसरा, खालून वारा खेळला पाहिजे. सकाळी आठला काम सुरू करा, संध्याकाळी आत घ्या आणि रात्रभर पंखा. लव हाताला कोरडी लागली तरी गाठी ओल्याच असतात, म्हणून पुन्हा वजन करा. आकडा आधीच्या वजनाच्या अर्ध्या किलोच्या आत आला की वाळला. गच्चीवर कबुतरं बसत असतील तर आधी जागा धुवून कोरडी करा. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना इजा करते आणि ती गालिच्यावाटे घरात येऊ नये.

घरी येऊन शाम्पू करणारे लोक फेस मारून गोल ब्रश फिरवतात आणि वरचं पाणी ओढतात. धुतलेलं पाणी पूर्ण बाहेर काढण्याची सोय त्यांच्याकडे बहुधा नसते. बोलवायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा: आधी दोन्ही बाजूंनी कोरडं व्हॅक्युम करणार का, केमिकल न्यूट्रल आहे का, साध्या पाण्याने पुन्हा धुवून ओढणार का. तिन्हींना ‘हो’ असेल तरच, आणि फक्त कोरड्या दिवसांत. चोवीस तासांनी पाठ ओलसर लागली तर काम चुकलं आहे. वाफेच्या मशीनने माइट्स मरतात हे खरं, पण मेलेले माइट्स आणि विष्ठा तिथेच राहते आणि वर ओल वाढते. त्यापेक्षा भर दुपारी तीन-चार तास गालिचा तापलेल्या गच्चीवर स्वच्छ चादर अंथरून पालथा टाका. ऊब आणि कोरडेपणा मिळून माइट्सचा जीव घेतात, मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम करा. मारणं आणि काढणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पावसाळ्यासाठी ठेवताना

मेअखेरीला, पहिल्या सरीआधी. स्वच्छ आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच, कारण मळकट लोकरीला कसर आधी लागते. घडी घालू नका, नळीवर लवेच्या दिशेने गुंडाळा. जुनी धुतलेली सुती चादर लपेटा, प्लास्टिक नको, त्यात ओल कोंडते. जमिनीपासून फूटभर उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून बघा. वाळूसारखे कण, रेशमी जाळी, तपकिरी केसाळ अळ्या किंवा त्यांच्या कातीचे पोकळ तुकडे दिसले तर कसर आहे. उन्हात टाकणं आणि व्हॅक्युम हाच पहिला इलाज. कडुनिंबाचा पाला घातल्याने तोटा नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डांबरगोळ्या मात्र बाळाच्या घरात नको. त्यातल्या नॅफ्थलीनच्या वाफेने जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या अर्भकांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे हे बऱ्याच घरांना ठाऊकही नसतं.

हे वेळापत्रक मुंबई, कोकण आणि गोव्यासाठी. पुण्यात पावसाळाभर गुंडाळायची गरज नाही, पण दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत ठेवा आणि आकडा दिवसेंदिवस ६५च्या वर राहिला तर उचला. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी की माइट्स टिकत नाहीत, पण ज्या खोलीत वाळ्याचा कूलर चालतो तिथे हा नियम उलटतो. कूलर हवा ओली करतो. कूलरच्या झोतासमोर गालिचा नको.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा असतो, तो पालथा घालता येत नाही. तिथे वर्ष-दीड वर्षातून गरम पाण्याने धुवून लगेच ओढणारी व्यावसायिक सफाई करून घ्या. भाड्याचं मशीन आणलं तर सांगितलेल्याच्या निम्मं लिक्विड घाला आणि साध्या पाण्याचे ओढीचे फेरे दुप्पट मारा. पाइप फुटून पाणी शिरलं आणि दोन दिवस गेले, तर खालचा फोमचा थर फेकून द्या, तो वाळत नाही.

तुमच्या गालिच्याची पाठ कापडाची निघाली आणि खाली पांढरी पूड पडत असेल, तर त्याच्या जागी चार बाय सहाची सुती सतरंजी घ्या. घेताना दोन इंच मोठी घ्या, पहिल्या धुण्यात ती आटते. पक्क्या रंगाची असेल तर दर पंधरा दिवसांनी ६० अंशांवर मशीनमध्ये धुता येते. माइट्स मरतात आणि घाणही पाण्याबरोबर निघून जाते. पावसाळ्यात धुतलीत तर घरातल्या घरात पंख्याखाली दोन खुर्च्यांवर आडवी घाला, आणि पूर्ण वाळेपर्यंत बाळासाठी दुसरी तयार ठेवा.